धरलेले हात

आमच्या घरात कुणी गप्प बसलं की लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात. खाली आमचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही राहतो. समोर भांड्यांचे पोचे काढणाऱ्याचा हातोडा दिवसभर चालतो. दुकानात गिऱ्हाईक प्रत्येक पातेलं वाजवून बघतं, मग झाकण वाजवून बघतं, मग दोन्ही एकमेकांवर आपटून बघतं आणि शेवटी चमचा घेऊन जातं. अशा ठिकाणी हळू बोलणाऱ्याचा निभाव लागत नाही. आजोबा ओरडून बोलायचे, वडील ओरडून बोलायचे, आणि दुकान बंद करून वर आलं तरी त्यांचे आवाज तसेच राहायचे. आईचं तर विचारूच नका. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हातोडेवालासुद्धा हात थांबवून ऐकतो.

मी लहानपणी गप्प होतो. तसं मला सांगतात. मला स्वतःला ते आठवत नाही. घुम्या हे नाव पडलं ते तेव्हाच. जेवताना प्रत्येकाने दिवसभरात काय झालं ते सांगायचं, हा आमच्याकडचा नेम. माझी पाळी आली की मी ताटाकडे बघत बसायचो आणि दादा म्हणायचा, "घुम्याने मूग गिळलेत, त्याचं पोट भरलं असेल, आता काही वाढू नका." सगळे हसायचे. दुकानात आई गिऱ्हाइकांना म्हणायची, "याला कुणी बोलतं करा, एक वाटी फुकट देते." मग येणारा जाणारा माझी हनुवटी धरून हलवायचा. शेवटी वैतागून मी बोलायला लागलो, आणि लागलो तो असा की आजतागायत थांबलेलो नाही. आता दुकानात माझ्यासमोर कुणाची मात्रा चालत नाही. गप्प असताना माझ्या डोक्यात काय चालायचं, ते मात्र साफ पुसलं गेलंय. तो पोरगा कोण होता ते मला माहीत नाही, याचं कधीकधी वाईट वाटतं. घरचे अजून मला घुम्याच म्हणतात, आणि ते ऐकून नवखा माणूस चक्रावतो.

बायको मला पहिल्यांदा दिसली ती दुकानातच. आई-वडिलांना घेऊन मोठं पातेलं घ्यायला आली होती. तिचे वडील छापखान्यात पुस्तकं बांधायचे, आई शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईने, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, एक पातेलं उचललं, त्याला टिचकी मारली आणि लगेच त्याच्या पोटावर तळवा ठेवून डोळे मिटले. मग ते बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं, पुन्हा टिचकी, पुन्हा तळवा. तिसऱ्याला त्यांनी मान डोलावली. सगळी गल्ली पातेलं कानाने पारखते. हाताने पारखणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि त्यांची मुलगी मधे उभी राहून माझ्याशी तोंडाने, त्यांच्याशी हातांनी बोलत होती. इकडे वळली की चेहरा सरळ, दुकानात आलेल्या कुठल्याही मुलीसारखा. तिकडे वळली की भुवया, गाल, खांदे, सगळं बोलायला लागायचं. मी पातेलं बांधून द्यायचं विसरलो, आणि त्यावरून दादाने मला पुढे वर्षभर छळलं.

"मुक्यांची मुलगी," असं मी घरी सांगितलं. लग्न ठरल्यावर एकदा तिच्यासमोरही तोंडातून गेलं. तिने मला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. "मुके नाहीत. दिवसभर बोलतात. तुम्हाला कळत नाही इतकंच."

ती लहानपणापासून त्या घराचे कान होती. घरमालक, शाळेच्या बाई, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांशी तीच बोलायची. वडिलांना छातीचं दुखणं निघालं तेव्हा ती शाळकरी पोर. डॉक्टरांनी जे काही सांगायचं ते तिच्याकडे बघून सांगितलं, आणि तिने वळून ते वडिलांना सांगितलं. "थोडं कमी करून सांगितलं," असं ती एकदा मला म्हणाली. मोठ्यांचं मोठ्यांना पोचवता पोचवता तिचं लहानपण संपलं. त्या वयात तुला स्वतःला काय हवं असायचं, असं मी विचारलं तर ती खरोखर विचारात पडली, आणि मग म्हणाली, "कुणीतरी दुसऱ्याने दार उघडायला जावं, असं वाटायचं."

आमच्याकडे आली तेव्हा ती वेगळीच वागायची. हाक मारायची नाही. जिना उतरून खाली यायची, खांद्याला हात लावायची आणि मगच बोलायची. आमच्यात कुणी पाठमोरं होऊन काही सांगितलं तर ते तिच्या लेखी सांगितलेलंच नसायचं. समोर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायची. वहिनीला वाटलं, ही डोळे वटारते. खोलीतला दिवा मालवला की तिचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबायचं, कारण तिच्या माहेरी अंधारात कुणीच बोलत नसे. रडायची ती आवाज न करता. त्या घरात रडण्याच्या आवाजाचा उपयोगच नव्हता. आईच्या नजरेसमोर जाऊन उभं राहावं लागायचं. तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मी बहुतेक वेळा मान खाली घालून पावत्या फाडत असायचो, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून. थोडा वेळ थांबून ती निघून जायची.

आणि हात धरू द्यायची नाही. आमचं कुटुंब म्हणजे हात धरणाऱ्यांचं. कुणाला बरं नसलं की हात धर, कुणी परीक्षेला निघालं की हात धर, कुणी गेलं की त्याच्या घरी जाऊन सगळ्यांचे हात धरत बस. आई तर बोलताना समोरच्याचा हात धरूनच ठेवते, म्हणजे तो पळून जात नाही. नवी नवरी मात्र हात धरला की सोडवून घ्यायची. मला वाटलं, मी तिला आवडलो नाही. शेवटी एकदा तोंड पाडून विचारलंच.

तिला आधी हसू आलं. मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे मूल फार बडबड करायला लागलं की आई त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरते. बस, आता एक शब्द नाही. एरवी कुणी कुणाचे हात धरत नाही. बोलणाऱ्याचा हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. "बाबांनी एकदा रागाच्या भरात आईचे हात धरले होते," ती म्हणाली. "आई कितीतरी दिवस त्यांच्याकडे पाठ करून बसायची. बाबांनी माफी मागायची तरी कशी? ती वळून बघेल तेव्हा ना."

"मग तुमच्याकडे माया कशी करतात?" मी विचारलं.

"शेजारी बसायचं आणि पायावर पाय ठेवायचा. हात मोकळे राहतात."

हळूहळू ती आमच्यासारखी झाली. यात कुणी तिच्यावर जबरदस्ती केली असं नाही. आई म्हणायची, "अगं, जिना कशाला उतरतेस? वरून ओरड की." ती ओरडायला शिकली. वहिनी म्हणायची, "इतकं टक लावून बघू नये गं, लोक घाबरतात." ती नजर इकडेतिकडे फिरवायला शिकली. अंधारात गप्पा मारायला शिकली, पाठमोरं उत्तर द्यायला शिकली. लेक झाली तेव्हा कळा सोसताना ती मोठ्याने ओरडली, आणि आई बाहेर मला म्हणाली, "आता ही आपली झाली बघ." माझा हात धरून चालायलाही लागली. आधी बोटाला बोट, मग अख्खा हात. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "आली तेव्हा हिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता बघा." जी मुलगी चालायला लागल्यापासून दोन माणसांच्या वतीने जगाशी बोलत होती, तिला आम्ही बोलायला शिकवलं, असं आमच्या घरात सगळे मानत होते. मीही मानत होतो.

सासरे वारले ते तिच्या मनाला फार लागलं. छापखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली आणि लोकांनी त्यांना तिथून परस्पर दवाखान्यात नेलं. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या एका माणसाने तिला सांगितलं, "हातांनी बऱ्याच खुणा करत होते, पण आम्हाला काही समजलं नाही." हे वाक्य ती विसरू शकली नाही. बाबा काय म्हणत होते, हे तिला आता जन्मात कळणार नव्हतं.

त्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मागची खोली त्यांना दिली. दिव्याचं बटण दाराबाहेर बसवून घेतलं. आत जायचं असलं की ते खालीवर करायचं, दिवा लुकलुकला की त्या दाराकडे बघायच्या. पहिल्या दिवशी मायलेकी बोलायला बसल्या आणि सासूबाई खो खो हसत सुटल्या. बायकोने मला सांगितलं, "आई म्हणते, तू परगावच्या माणसासारखी बोलतेस. हातांना गंज चढलाय."

गंज उतरला. लेक तेव्हा शाळेत होती. ती शाळेतून आली की थेट मागच्या खोलीत जायची आणि बघता बघता तिलाही ते बोलणं येऊ लागलं. तिने त्यांना नाव दिलं हातआजी. माझ्या आईचं नाव आपोआप तोंडआजी झालं असतं, पण तेवढं धाडस पोरीने केलं नाही. दोघी आज्या दुपारी मटार सोलत बसायच्या. माझी आई अखंड बोलायची आणि सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत मान डोलवायच्या. "हिच्यासारखं ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नाही," असं आई म्हणायची, आणि ती हे थट्टेने म्हणत नसे. त्या भाषेतला चहा हा एकच शब्द ती शिकली होती, आणि तोही असा हात फेकून म्हणायची की सासूबाई कप सावरायच्या.

एकदा मी काहीतरी विचारायला मागच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो. मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या, पायांना पाय लागलेले, आणि बायको आईला आमच्या दुकानातल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होती. तो माणूस हुबेहूब उभा राहिला होता. माझी बायको इतकी विनोदी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आमच्या जेवणाच्या वेळी ती आपली पाळी आली की काय झालं ते नीट सांगते आणि सगळे "बरं, बरं" म्हणतात. इथे ती कुणी वेगळीच बाई होती. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. ज्या घरात ती वाढली ते घर आता एका म्हातारीत उरलं होतं, आणि तिच्यासमोर बसली की ती तिथे परत जायची.

मग काही वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या. साधा खोकला म्हणता म्हणता फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की वय झालंय, आशा फार धरू नका. बायकोने ऐकलं आणि लगेच नर्सला विचारलं, "सुई मनगटाच्या वर कुठेतरी लावता येईल का? आईला हात मोकळे हवेत." नर्स समजूतदार होती. तिने दंडाखाली शीर शोधली, पट्टी घट्ट गुंडाळली आणि म्हणाली, "पण हात फार हलवू देऊ नका. सुई निसटली तर पुन्हा शीर मिळायची नाही."

तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, डोळे बहुतेक मिटलेले. बायको खुर्ची सरकवून त्यांच्या नजरेसमोर बसली ती उठेचना. मी म्हटलं, थोडा वेळ घरी जाऊन ये. ती म्हणाली, "बाबांच्या वेळी मी नव्हते. आईने शेवटचं जे काही सांगायचं ते मला बघायचंय. मला दुसरं काही नको." तिने आमच्याकडे इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सासूबाईंना जरा बरं वाटत होतं. डोळे उघडून त्या माझ्या बायकोशी थोडं बोलल्याही, दोनच बोटांनी, हळू. दुपारी आई दवाखान्यात गेली. सुनेची दशा बघून तिचा जीव कळवळला. "जा, आंघोळ कर, दोन घास खा, पाठ टेक. मी आहे ना," असं म्हणत तिने सुनेला खुर्चीवरून उठवलंच. बायकोने जाताना तिला सांगितलं, "आई, ती बोलायला लागली तर मला लगेच फोन करा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. नुसतं तिच्याकडे बघत राहा."

"बघते हो. तू जा," आई म्हणाली.

बायको घरी आली, आंघोळ केली, उभ्या उभ्या चार घास खाल्ले आणि लगेच निघाली. कॉलेजातून आलेली लेक तिच्यासोबत निघाली. जिन्यात असतानाच दवाखान्यातून नर्सचा फोन आला. मी दुकान तसंच टाकून त्यांच्यामागे धावलो.

आम्ही खोलीत शिरलो तेव्हा मुखवटा काढलेला होता. आई खाटेच्या कडेला बसली होती आणि तिने सासूबाईंचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरले होते. आम्हाला बघून ती मोठ्याने रडायला लागली, पण हात सोडले नाहीत.

"तू गेलीस आणि थोड्या वेळाने जाग्या झाल्या गं," ती सांगू लागली. "दाराकडे बघत होत्या. तुलाच शोधत असणार. मग माझ्याकडे बघितलं आणि हात हलवायला लागल्या. आधी हळू, मग जोरजोरात. मला वाटलं, घाबरल्या. सुई निघाली तर काय करायचं? मी दोन्ही हात धरले, असे, घट्ट. म्हटलं, मी आहे हो, मी आहे इथे, भिऊ नका. किती ओढत होत्या. एवढा जोर त्या अंगात कुठून आला कोण जाणे. पण मी नाही सोडले. फोन करायला हात तरी कुठे मोकळा होता माझा? मग हळूहळू निवल्या. शेवटपर्यंत एकटं नाही वाटू दिलं मी त्यांना."

मी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा कळलं. मी खाटेची दांडी पकडली. माझ्या आईने जे केलं ते तिने माझ्यासाठी केलं असतं, माझे वडील गेले तेव्हा त्यांच्यासाठी केलं होतं. गेलेल्याचे हात हातात होते, एवढं सांगून आमच्यात लोक वर्षानुवर्षं मनाचं समाधान करून घेतात. तिला तिच्या घराने हे एवढंच शिकवलं होतं, आणि तिने ते जीव लावून केलं होतं.

बायको खाली बसली. अगदी शांतपणे तिने विचारलं, "धरल्यावर त्यांची बोटं हलत होती का?"

"सारखी. माझ्या मुठीत. पाखरू धरल्यासारखं वाटत होतं."

"कशी हलत होती? माझ्या हातात करून दाखवा."

आईने मग सासूबाईंचे हात चादरीवर ठेवले आणि सुनेचा हात हातात घेतला. आपली बोटं तिने सुनेच्या तळहातावर हलवली, वळवली, थांबवली, पुन्हा हलवली. बायकोने डोळे मिटले होते. तिच्या आईने पातेल्यावर तळवा ठेवून मिटले होते तसेच. आई आठवून आठवून प्रामाणिकपणे करत होती. पण तिने ती बोटं पाहिलीच नव्हती, फक्त दाबून धरली होती.

"कळलं का काही?" आईने विचारलं.

"नाही," बायको म्हणाली.

पाणी मागितलं असेल. लेकीला बोलवा म्हटलं असेल. कदाचित नुसतं, हात सोडा, एवढंच. किंवा मायलेकींच्यातलं काहीतरी, ज्याला आमच्या भाषेत शब्दच नसेल. यातलं काय होतं ते सांगणारं माणूस आता उरलं नव्हतं.

इतका वेळ माझी लेक भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. तिचे ओठ मिटलेले होते आणि हात वर आले होते. आपल्या आईकडे बघून ती हातांनी बोलायला लागली, भराभर. मला त्यातलं फार थोडं येतं, पण हे समजायला फार काही यायला नको होतं. तिने खाटेवरच्या हातआजीकडे बोट केलं, माझ्या आईकडे बोट केलं, स्वतःच्या तोंडावर पंजा दाबला. पुन्हा माझ्या आईकडेच बोट केलं. आणि मग ती तिच्याकडे वळली आणि तिने तोंड उघडलं.

"आजी, तू—"

बायको ताडकन उठली. तिने लेकीचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

पोरीने हिसडा दिला. बायकोने सोडले नाहीत. ती लेकीच्या डोळ्यांत बघत होती आणि तिची मान हलत होती, अगदी किंचित, नाही, नाही. पोरीने आणखी एकदा ओढून बघितलं. हा अर्थ तिला ठाऊक होता. हातआजीनेच तिला तो शिकवला होता. मग तिचे खांदे पडले, मिटलेल्या तोंडाने ती हमसायला लागली, आणि तिचे हात आईच्या हातांत निपचित झाले.

माझी आई डोळे पुसत त्या दोघींकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "असेच. असेच धरले होते मी."

"बरं झालं आई, तुम्ही होतात," बायको म्हणाली. आवाज स्वच्छ होता. लहानपणी डॉक्टरांचं बोलणं वडिलांना सांगताना तिने जसं कमी करून सांगितलं असेल, तसंच हे असणार.

दुसऱ्या दिवशी घरी माणसं येऊन गेली. सगळ्यांनी बायकोचे हात धरले, कुणी एक, कुणी दोन्ही, आणि तिने ते धरू दिले. आईने प्रत्येकाला शेवटची हकिगत सांगितली. दर वेळी बायको शेजारी बसून होती आणि दर वेळी तिने मान डोलावली. लेक मागच्या खोलीत दार लावून बसली. माझी आई तिथपर्यंत जाऊन आली आणि मला म्हणाली, "पोरीला फार लागलंय. माझ्याशी बोलतसुद्धा नाही." मी म्हटलं, बोलेल. बोलेल का ते मला माहीत नाही. बोलली तर काय बोलेल, याचीही भीती वाटते. आईचं वय झालंय, आणि बायकोला तिला हे कळू द्यायचं नाही. पोरीवर तिने आता हे ओझं टाकलंय, जसं तिच्यावर लहानपणी होतं.

संध्याकाळी लोक पांगले. मी मागच्या खोलीत, सासूबाईंच्या खाटेवर बसलो होतो. लेक वहिनीकडे गेली होती. बाहेरून कुणीतरी बटण खालीवर केलं आणि दिवा लुकलुकला. खोलीत ऐकू न येणारं आता कुणी नव्हतं. दारात बायको होती. ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

ती रडत होती. आवाज न करता, नुसत्या चेहऱ्याने, लग्न होऊन आली तेव्हा रडायची तशी. मधल्या वर्षांत ती आमच्यासारखी, घरभर ऐकू जाईल असं रडायला शिकली होती. मला वाटलं होतं, ते जुनं रडणं कधीच गेलं.

माझा हात आपोआप पुढे गेला आणि तिच्या बोटांपर्यंत पोचला. मी तो मागे घेतला. दोन्ही हात मांडीखाली घालून मी सरकून बसलो. ती शेजारी बसली. मी चप्पल काढली आणि माझा पाय तिच्या पायावर ठेवला.

स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "घुम्या, चहा टाकू का रे दोघांना?" मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग कुणाला तरी म्हणाली, "बघ गं, याला बरं नाहीसं दिसतंय."

बायको माझ्याकडे वळली. तिचे हात मांडीवरून उठले आणि बोलायला लागले. आधी हळू, मग भराभर, मधेच थांबून, पुन्हा पहिल्यापासून. तिच्या आईशी बोलायची तसे. त्या वेगात मला एक अक्षर कळत नव्हतं. विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि मी नुसतं तिच्याकडे बघत राहिलो.